वाचक विचारतात : मेलिएसच्या युक्त्या, ठाण्याचं ऊन

गेल्या अंकात जॉर्ज मेलिएस या फ्रेंच मूकपटकाराविषयी चार ओळी छापल्या, आणि पत्रांची थप्पी आली. बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतल्या हौशी मंडळींची आहेत. कुणाला घरच्या घरी लघुपट करायचाय, कुणाला सोसायटीच्या गणपतीत मूकपट लावायचाय, एकाला माळ्यावर डबा सापडलाय. निवडक प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मेलिएस आधी नट होता की आधी दिग्दर्शक?
– एक वाचक, नौपाडा

आधी जादूगार. जन्म ८ डिसेंबर १८६१ चा, पॅरिसचा. वडिलांचा बुटांचा कारखाना होता. त्या धंद्यातला आपला वाटा विकून त्याने १८८८ मध्ये रॉबेर-उदँ हे जादूच्या प्रयोगांचं छोटं थिएटर विकत घेतलं. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला चित्रपटाचा तो प्रसिद्ध खेळ पाहिला आणि त्यांच्या यंत्राला दहा हजार फ्रँक देऊ केले. त्यांनी नकार दिला. मग लंडनला जाऊन रॉबर्ट पॉलचा प्रोजेक्टर आणला, त्याची मोडतोड करून त्यातूनच कॅमेरा बनवला आणि १८९६ मध्ये कामाला लागला. १८९७ मध्ये पॅरिसलगतच्या माँत्रयमध्ये काचेच्या भिंती-छताचा स्टुडिओ उभा केला. १९१३ पर्यंत पाचशेहून अधिक चित्रपट केले. दिग्दर्शक तोच, पटकथा त्याची, पडदे रंगवणारा तो, आणि पुष्कळदा मुख्य भूमिकाही त्याचीच. ‘चंद्राची सफर’ (१९०२) मधला दाढीवाला प्राध्यापक बार्बनफुयी म्हणजे मेलिएस.

त्याचा दिवस ठाणेकरांना ओळखीचा वाटेल. सकाळी सातपासून माँत्रयमध्ये नेपथ्याची सुतारकी आणि रंगकाम, संध्याकाळी कपडे बदलून पॅरिस, आठचा जादूचा खेळ, रात्री परत उपनगरात झोपायला. आठवडाभर अशी तयारी करायची आणि चित्रीकरण शुक्रवार-शनिवारी. तेही ऊन असेल तेवढ्यात, कारण दिवा म्हणजे सूर्यच.

चौकात कॅमेरा अडकला आणि बसगाडीची शववाहिका झाली, त्यातून त्याला युक्ती सापडली, हे खरं का?
– एक वाचक, ऐरोली

ही गोष्ट त्याने स्वतःच १९०७ मध्ये लिहिली: ऑपेराच्या चौकात फिल्म अडकली, मिनिटभराने सुरू झाली, आणि पडद्यावर घोड्यांच्या बसची शववाहिका झाली. झालंही असेल तसं. पण जादूगाराने सांगितलेली गोष्ट आहे, थोडी मीठ-मिरची धरूनच चाला. कॅमेरा थांबवून माणूस बदलण्याची युक्ती एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या शिरच्छेदाच्या दृश्यात वापरली होती. ऐन क्षणी नटाच्या जागी बाहुली.

मेलिएसचं वेगळेपण पाहायचं असेल तर १८९६ चा ‘बाई गायब’चा छोटा चित्रपट पाहा. तो आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो. त्यावर खुर्ची. खुर्चीत जेहान द’आल्सी ही नटी. तिच्यावर शाल टाकतो, शाल ओढतो, बाई नाही! मग हवेतून बोलावल्यासारखं करतो तर खुर्चीत सांगाडा. सांगाड्यावर शाल टाकली की बाई परत. आता हे वर्तमानपत्र कशाला? रंगमंचावर हाच खेळ जमिनीतल्या झडपेतून होत असे, आणि झडप नाही हे दाखवायला कागद अंथरत. चित्रपटात झडपेची गरजच नव्हती, तरी त्याने कागद अंथरला. प्रेक्षकाची शंका कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तिला आधीच चुकीच्या जागी बसवलं. कात्री एडिसनकडेही होती. हा कागद मात्र जादूगाराचा.

मोबाईलवर ‘गायब’ची युक्ती केली. सोफ्यावरची ताई गायब होते, पण जोड लगेच कळतो. चित्र किंचित उडतं, उजेड बदलतो. काय चुकतंय?
– कळवा, कोपरखैरणे आणि घोडबंदर रोड इथून आलेली पत्रं

जोड असणं ही चूक नव्हे. मेलिएसच्या टिकलेल्या प्रतींमध्ये जवळपास प्रत्येक युक्तीच्या जागी फिल्म कापून चिकटवल्याची खूण सापडते. हाताने फिरवायचा कॅमेरा थांबवताना दांडा मंदावतो, त्यामुळे शेवटच्या चौकटींवर, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्रावर, जास्त उजेड पडतो आणि त्या पांढुरक्या येतात. सुरू करतानाही तसंच. त्या चौकटी छाटाव्याच लागत. म्हणजे जोड त्याच्याही होता, फक्त दिसत नव्हता. तुमचा दिसतो त्याला बहुधा यातलं काहीतरी कारण आहे:

चित्र उडतं कारण तुम्ही मध्ये रेकॉर्डिंग थांबवता आणि थांबवताना फोनला बोट लावता. थांबवू नका. सलग चालू द्या, नंतर मधला भाग कापा. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला दोन-तीन किलोची पिशवी लटकवा, पाय चिकटपट्टीने फरशीला धरा. फोनमधलं स्थिरीकरण बंद करा. ते हात हलतोय असं समजून चौकट सरकवतं, आणि माणूस फ्रेममधून गेला की वेगळी सरकवतं.

उजेड बदलतो कारण एक्स्पोजर, म्हणजे फोन किती उजेड घेतो ते, मोकळं आहे. पांढऱ्या ड्रेसमधली ताई उठली की फोनला चित्र काळं वाटतं, तो उजळवतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही कुलूपबंद होतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा, तीसुद्धा बांधा. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली असाल तर शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलंत तर पट्टे लहरतील.

खिडकीच्या उन्हात करत असाल तर घड्याळ लावा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, दहा मिनिटांत अडीच अंश. दोन मीटर लांब सावलीचं टोक तेवढ्यात साधारण आठ-नऊ सेंटीमीटर हलतं. ताईने ‘एक मिनिट, केस नीट करते’ म्हटलं की संपलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर येऊरच्या डोंगरावरून एक ढग आला तरी खोलीचा रंग बदलतो. पडदे ओढून दिव्यावर करा.

आता सोफा. सोफा नकोच. माणूस उठला की फोम फुगतो, आणि गादी एका झटक्यात वर आलेली दिसते. ही चूक तिन्ही पत्रांत आहे. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या. पंखा बंद, पडद्यांच्या कडा चिकटपट्टीने धरलेल्या.

राहिला शाल टाकणारा मांत्रिक. तो तर फ्रेममध्येच थांबणार, आणि सगळं त्याच्यावर आहे. ‘हलू नकोस’ म्हणून माणूस हलायचा थांबत नाही. त्याच्या हाताला टेकू द्या. एक हात खुर्चीच्या पाठीवरच्या ठरलेल्या खिळ्यावर, दुसऱ्या हातात काठी, काठीचं टोक जमिनीवरच्या खडूच्या फुलीवर. नजर समोरच्या भिंतीवरच्या एका डागावर. श्वास सोडून थांबायचं, भरून नाही. भरलेली छाती दहा सेकंदांत खाली येते आणि खांदे बदलतात. ताईने दहा सेकंदांत फ्रेमच्या बाहेर जायचं.

कापायचं कुठे? शांत क्षणी नाही. शाल ओढण्याच्या झटक्यात कापा. कापड हवेत पसरलेलं असताना प्रेक्षकाची नजर कापडावर असते. संपादनात एकेक चौकट पुढे-मागे करून बघा, एका चौकटीने फरक पडतो. धुराचा लोट हवा असेल तर तो जोडानंतरच उठला पाहिजे. आधी उठला तर दोन्ही बाजूंचा धूर जुळणार नाही. गुलाल तर मुळीच उधळू नका, दुसऱ्या टेकला शर्ट गुलाबी असतो.

एकाच फ्रेममध्ये सात मेलिएस कसे? आणि डोकं फुग्यासारखं मोठं होतं ते?
– एक वाचक, वाशी

सात जण म्हणजे १९०० चा वादकांचा चित्रपट. तीच फिल्म सात वेळा कॅमेऱ्यातून गेली. मागे काळा पडदा. काळ्यावरून उजेड येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो आणि पुढच्या खेपेला तिथे नवा माणूस उमटवता येतो. एका खुर्चीवर बसून वाजवायचं, फिल्म गुंडाळून मागे न्यायची, पुढच्या खुर्चीवर बसायचं. प्रत्येक खेपेला दांडा फिरवण्याची मोजणी तीच, आणि वाजवणाऱ्याची मोजणीही तीच. सातव्या खेपेला चुकलं तर आधीच्या सहाही गेल्या.

घरी करताना काळी चादर लावू नका. सुती काळा कॅमेऱ्यात राखाडी येतो. एका टेकमध्ये पार्श्वभूमी ३ टक्के उजळ असेल, तर सात थर चढल्यावर जवळपास १९ टक्के होते, म्हणजे धुकं. काळं मखमल घ्या, माणसापासून दीड-दोन मीटर मागे टांगा, दिवे बाजूने टाका. संपादनात थर ‘स्क्रीन’ पद्धतीने चढवा, म्हणजे काळं गळून उजळ भागच उमटतो. एका माणसाचा कोपर दुसऱ्याच्या जागेत गेला तर तिथे दोघं पारदर्शक दिसतील, तेव्हा खुर्च्यांत वीतभर मोकळी जागा. तालासाठी एका कानात इअरफोन आणि त्यावर साधा केरव्याचा ठेका. सगळे टेक त्याच ठेक्यावर, सुरुवातीला एक टाळी. जुळवताना टाळी उपयोगी पडते.

फुगणाऱ्या डोक्याचा चित्रपट १९०१ चा. कॅमेरा जागचा हलत नाही. मेलिएस गाड्यावर बसून कॅमेऱ्याकडे ओढला जातो. अंतर निम्मं झालं की डोकं दुप्पट. पण सपाट जमिनीवरून पुढे आलात तर डोकं मोठं होता होता फ्रेममध्ये खाली घसरतं आणि टेबलावर ठेवल्यासारखं दिसत नाही. म्हणून त्याने चढ बांधला. चढ किती, हे सुतळीने काढता येतं. समजा सुरुवातीला मान भिंगापासून चार मीटरवर आहे आणि भिंगाच्या पातळीपेक्षा ४० सेंटीमीटर खाली. दोन मीटरवर आल्यावर ती २० सेंटीमीटरच खाली हवी. म्हणजे दोन मीटरच्या प्रवासात २० सेंटीमीटर चढ. थोडक्यात, मानेपासून भिंगापर्यंत सुतळी ताणा आणि मान त्याच सुतळीवरून पुढे येईल असा फळीचा उतार ठेवा. फोकस सुमारे पावणेतीन मीटरवर बांधून टाका. मानेखाली सगळं काळं मखमल, टेबल नंतर जोडायचं.

कपड्यांविषयी जाता जाता: त्या काळच्या फिल्मला निळा पांढरट आणि लाल काळा दिसे. म्हणून मेलिएसचं सगळं नेपथ्य करड्या छटांत रंगवलेलं असे. जुन्या चालीचा लघुपट करायचा असेल तर रंगीत चित्र नुसतं कृष्णधवल करण्याआधी लाल रंग गडद करून बघा, ओठ आणि कुंकू लगेच त्या काळातले दिसतात.

आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात ‘चंद्राची सफर’ दाखवायचा आहे. इंटरनेटवर तो कुठे ९ मिनिटांचा, कुठे १४, कुठे १६. खरा कोणता? परवानगी लागेल का?
– सांस्कृतिक समिती, खारघर

चित्रपट ८४५ फूट लांब. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटींनी चालवली तर एक फूट म्हणजे एक सेकंद. ८४५ सेकंद, १४ मिनिटं ५ सेकंद. बोलपटाच्या २४ च्या वेगाने चालवली की साडेनऊ मिनिटांच्या आत संपते आणि चंद्रावरची मंडळी मुंग्यांसारखी धावतात. १४ च्या वेगाने १६ मिनिटं. तेव्हा चौदाच्या आसपासची प्रत निवडा. नऊवालीच हाताशी असेल तर प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, पुष्कळ सुधारतं. काही छोट्या प्रतींत शेवटचा मिरवणुकीचा भागच नसतो, तोही तपासा.

मूळ चित्रपटावरचा हक्क कधीच संपला आहे. मात्र एखाद्या प्रतीवर नव्याने केलेलं संगीत असतं, त्याचा हक्क जिवंत असतो. आवाज बंद करा आणि पेटी-तबला समोर बसवा, मूकपटाचा खेळ तसाच व्हायचा. शिवाय एक निवेदक हवा. या चित्रपटात मजकुराच्या पाट्या नाहीत, तीस दृश्यं आहेत, आणि त्या काळी ती सांगणारा माणूस बाजूला उभा असे. त्याला प्रत्येक दृश्याला एक वाक्य पुरे, जास्त बोलला तर लोक त्याच्याकडेच बघतील.

रंगीत प्रतीही मिळते. ती हाताने रंगवलेली होती. पॅरिसमध्ये एलिझाबेथ तुइलिए यांच्या कार्यशाळेत बायका रांगेने बसत आणि प्रत्येकीकडे एकच रंग असे. तेरा हजारांवर चौकटी, प्रत्येक चौकट टपाल तिकिटाएवढी. अशी एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडली, दगडासारखी घट्ट चिकटलेली. ती सोडवून दुरुस्त केलेली प्रत २०११ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली.

इतकं नाव असून तो बुडाला कसा?
– एक वाचक, कोपरी

‘चंद्राची सफर’ची अमेरिकेत चोरून नक्कल झाली, एडिसनच्या माणसांनीही केली. म्हणून १९०३ मध्ये भाऊ गास्ताँला न्यूयॉर्कला बसवलं. तरी खरं दुखणं चोरी नव्हतं, धंद्याची रीत होती. मेलिएस प्रती विकत असे. जत्रेतला खेळवाला एक प्रत घेई आणि ती झिजेपर्यंत दाखवी. धंदा भाड्याच्या प्रतींकडे वळला आणि दर आठवड्याला नवा माल मागू लागला. एडिसनच्या मक्तेदारी संघात गेल्यावर आठवड्याला हजार फूट फिल्म पुरवणं आलं. एक माणूस पडदे रंगवतो, सात खेपा मोजतो, स्वतःच नाचतो, त्याला हे झेपणारं नव्हतं. १९०८ मध्ये त्याने भराभर चित्रपट केले आणि त्यातले पुष्कळ घाईचे दिसतात. १९११ मध्ये पाथे कंपनीकडून मालमत्ता गहाण टाकून पैसे उचलले आणि १९१३ ला काम थांबलं.

पहिल्या महायुद्धात त्याच्या शेकडो प्रती सैन्याने चांदी आणि सेल्युलॉइडसाठी वितळवल्या. त्या सेल्युलॉइडच्या बुटांच्या टाचा झाल्या. बुटांचा धंदा सोडून आलेल्या माणसाच्या फिल्मच्या! रॉबेर-उदँ थिएटर १९२३ मध्ये रस्त्यासाठी पाडलं गेलं, आणि त्याच सुमारास त्याने उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच जाळल्या. पुढे माँपार्नास स्टेशनात खेळण्यांचं दुकान. १९२५ मध्ये त्याच जेहान द’आल्सीशी लग्न. उशिरा पत्रकारांनी त्याला शोधून काढलं, १९३१ मध्ये लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा सन्मान मिळाला, २१ जानेवारी १९३८ ला तो गेला. पाचशेंतले दोनशेच्या आसपास चित्रपट आज पाहता येतात.

आजोबांच्या तंबू सिनेमाचा एक गंजका डबा माळ्यावर आहे, आत फिल्म आहे. बघायची कशी?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

आधी डबा माळ्यावरून खाली आणा, मे महिन्याची वाट बघू नका. १९५१ च्या आधीची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या सेल्युलॉइडची, असू शकते. कुजू लागलेली नायट्रेट चाळीस अंशांच्या आसपास बराच काळ राहिली तर आपोआप पेटू शकते, आणि स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात तिथवर जातो. ती जळताना स्वतःचा ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्याने विझत नाही.

खिडकीजवळ, गॅसपासून लांब डबा उघडा. काठावर ‘सेफ्टी’ शब्द आणि व्हिनेगरचा वास असेल तर बहुधा ॲसिटेट आहे, नायट्रेटसारखा आगीचा धोका नाही. पण वास उग्र असेल, फिल्म चिकट असेल, मधासारखे थेंब किंवा तपकिरी भुकटी असेल, तर हात लावू नका. झाकण घट्ट न लावता ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी फोनवर बोला. डबा लोकलने घेऊन निघू नका. तुकडा जाळून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्रोजेक्टरवर तर चढवूच नका. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून जुने चित्रपट गेले, तेव्हा हे नुसतं भीती घालणं नव्हे.

फाळक्यांनी मेलिएसची नक्कल केली का?
– विद्यार्थिनी, नेरूळ

नक्कल म्हणता येणार नाही, दोघांची शाळा एक होती. दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करत, आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. कॅमेरा थांबवणं, दुहेरी छपाई (एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेणं) हे दोघांकडेही दिसतं. पण फाळक्यांनी १९१२ मध्ये आधी केला तो वाटाण्याचा वेल वाढतानाचा छोटा चित्रपट, एकेक चौकट घेऊन.

तो प्रयोग तुम्हाला मुगावर करता येईल. दहा सेकंदांच्या चित्राला, सोळाच्या वेगाने, १६० चौकटी लागतात. दर अर्ध्या तासाला एक घेतली तर ८० तास, म्हणजे तीन दिवस आठ तास. तेवढ्यात भिजवलेल्या मुगाचे मोड चांगले लांब होतात. मूग आधी आठ तास भिजवा, मग ओल्या कापसावर ठेवा. खिडकीचा उजेड घेऊ नका, दिवस-रात्रीने चित्र लुकलुकेल. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक एलईडी सतत जळता ठेवा. फोन चार्जरलाच जोडून ठेवा. पाणी चौकट घेतल्यावर लगेच घाला, म्हणजे कापूस पुढच्या अर्ध्या तासात बसतो. आणि रात्री वीज जाते तिथे दिवा पॉवरबँकवर चालवा, नाहीतर मधल्या पाच-सहा चौकटी काळ्या येतील.